डावा पट्टा

"जरा वर धरा," म्हणत बायकोनं चादरीचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं, दुसरं घेऊन स्वतः स्टुलावर चढली आणि काचेच्या कपाटावर चादर सोडली. चारही कप्प्यांतले रणगाडे फुलाफुलांच्या पडद्याआड गेले.

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?" नवऱ्यानं विचारलं.

"लपवत नाहीये. झाकतेय."

"फरक काय?"

"लपवलेलं लोक शोधतात. झाकलेल्याकडे सभ्य माणसं बघत नाहीत."

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे ढिले स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी घरी येऊन डोळ्याला भिंग लावून प्लॅस्टिकचे रणगाडे जोडायचे, असा त्याचा क्रम होता. आयुष्यात तो शेजाऱ्याशीसुद्धा भांडला नव्हता, पण वीतभर रणगाड्याच्या तोफेचं तोंड किती जाड असावं यावरून त्याची झोप उडायची. शिवाय रणगाडा नवा कोरा रंगवून त्याचं समाधान होत नसे. मग पुढे महिनाभर खपून त्याला लढून आल्यासारखा करायचा. कडांना गंज, चाकांना चिखल, पाठीवर धूळ. घरातल्या खऱ्या धुळीला ज्यानं कधी फडकं लावलं नाही, तो माणूस खोटी धूळ ब्रशनं कणाकणानं चिकटवतो, हे बायको येईल त्याला सांगायची. आज येणाऱ्यांना मात्र सांगायचं नव्हतं.

मुलगी आतून कानातलं अडकवत आली. "बाबा, आज रणगाडा हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"ते विचारत नाहीत. तपासतात."

'ते' म्हणजे तिचे होणारे सासरे. सरकारी खात्यात लिफ्ट तपासायच्या, दोष काढायचे आणि दुरुस्त होईपर्यंत लिफ्टला कुलूप घालायचं, ही त्यांची नोकरी. ती ते घरीसुद्धा करत. त्यांच्या नापसंतीमुळे दोन सोफे दुकानात परत गेले होते आणि एका मावसभावाचं लग्न हॉलसकट पुढे ढकललं गेलं होतं. त्यांच्या मुलानं आधीच सांगून टाकलं होतं, की पप्पा काहीही म्हणाले तरी लग्न होणार. पण मुलीचं तेवढ्यावर भागत नव्हतं. रोज जेवताना समोर नापासाचा शेरा बसलेला मला नको, असं तिचं म्हणणं होतं. त्यांनी एकदा तरी मनापासून हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते आजच व्हायला हवं होतं.

पाहुणे वेळेवर आले. तपासनीस उंच, सडसडीत. सुट्टीच्या दिवशीही खिशाला पेन आणि छोटा टॉर्च. बसण्याआधी त्यांनी खुर्चीचा हात दाबून पाहिला. त्यांच्या बायकोनं हसून घेतलं. हे हसू तिनं बऱ्याच घरांमध्ये वापरलेलं असावं. मग दोन्ही आया बोलत राहिल्या, मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे न बघण्याचं काम करत राहिली, आणि चष्मेवाला बिस्किटांची बशी उगाच इकडून तिकडे सरकवत राहिला. तपासनिसांनी चहा नको म्हटलं.

मग म्हणाले, "ती चादर एका बाजूनं सरकतेय."

"असू द्या हो," बायको घाईघाईनं म्हणाली.

पण सरकणारी गोष्ट सरकू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते उठले, चादरीचं टोक धरून नीट करायला गेले, आणि अख्खी चादर त्यांच्या पायाशी आली.

"पडली," त्यांनी कळवलं.

तपासनिसांनी खिशातून टॉर्च काढला आणि वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली. एकेका रणगाड्यावर उजेड थांबे, पुढे सरके. चष्मेवाला कधी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"हा वाळवंटातला. म्हणून रंग असा उडालेला."

मुलगी खोकली. बाबांना ऐकू गेलं नाही.

"गंज खालून वर चढलाय," तपासनीस म्हणाले. "बरोबर आहे. पाणी खाली साचतं."

चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून बायकोला एकदम त्याचं लग्नाच्या वेळचं तोंड आठवलं. या घरात रणगाडे पाहून आजवर लोक 'अरे वा, केवढा वेळ लागत असेल नाही!' एवढंच म्हणाले होते. गंज कुठून चढतो हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"खालून, हो," तो म्हणाला. "आणि हे बघा, झाकणाच्या कडेला हाताचे डाग. चढताना धरतात तिथे."

"हात लागतो तिथे गंज कमी. घासून जातो."

"तेच तर!"

मुलानं मुलीकडे पाहिलं. पप्पांना एका माणसाशी सलग एवढं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मुलीनं हळूच श्वास सोडला.

दुसऱ्या कप्प्यात, अगदी मधोमध, एक बसका, थोडा वेडावाकडा रणगाडा होता. आजूबाजूच्यांच्या मानाने अगदीच नवशिक्या हातचा. उजेड त्याच्यावर थांबला तो हललाच नाही.

"हा काढता का जरा?"

"तो जुना आहे."

"म्हणूनच."

चष्मेवाल्यानं काच सरकवून तो त्यांच्या तळहातावर ठेवला. तपासनिसांनी तो एका बाजूनं पाहिला, फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिला.

"चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर बाणासारखी नक्षी आहे. उजव्या पट्ट्याचे बाण पुढे जातात. डाव्याचे मागे. डावा पट्टा उलटा बसलाय."

"हो."

"माहीत होतं?"

"हो."

"मग सुलटा करून घ्या. दोष माहीत असताना चालू ठेवणं हा आणखी एक दोष असतो."

"नाही करणार," चष्मेवाला म्हणाला.

फोनवरून पाण्याचं मशीन विकणाऱ्यालासुद्धा या माणसाला नाही म्हणता येत नसे. घरात त्यामुळे दोन मशीनं होती.

"बाबा!" मुलगी उठूनच उभी राहिली. "उलटा आहे तर उलटा आहे. तू परवा त्या हिरव्याची सगळी चाकं उपटून नवी लावलीस!"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"प्रदर्शनात नेतात हा," बायकोनं सारवासारव करायला घेतली, "दरवेळी कुणीतरी हेच सांगतं, आणि दरवेळी हे आणून परत तिथंच ठेवतात. ही पहिलीत होती तेव्हापासून असंच चाललंय. हट्टी नाहीत हो एरवी."

"कुणी बसवला हा पट्टा?" तपासनिसांनी विचारलं.

"मीच."

उत्तर जरा लवकर आलं. तपासनिसांचा जन्म अशी उत्तरं ऐकण्यात गेला होता. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, रणगाडा उलटा केला आणि टॉर्च पट्ट्याच्या आतल्या बाजूला धरला.

प्लॅस्टिक जोडायचा तो पातळ द्रव साध्या गोंदासारखा सुकून बसत नाही. तो प्लॅस्टिकच वितळवतो. ओलं असताना बोट टेकलं, तर ठसा कायमचा राहतो, रंग चढवला तरी दिसतो. शेवटच्या चाकाच्या वर, पट्टा ज्यानं कुणी दाबून धरला होता त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. सगळ्या रेषा स्पष्ट. वाटाण्याएवढा.

तपासनिसांनी चष्मेवाल्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि रागानं लाल होऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"तू करायचीस का गं यांच्याबरोबर हे?"

"मी? कपाटाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही हा," ती म्हणाली. "लहानपणी शेजारी बसून किरकिर करायचे, एवढंच."

चष्मेवाल्यानं तपासनिसांकडे बघून मान अगदी थोडी हलवली. नका सांगू, असंच ती मान म्हणत होती.

तपासनिसांनी टॉर्च बंद केला.

"राहू दे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"राहू दे म्हणालो. धोका काही नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं रणगाडा मधोमध ठेवला, जरासा तिरपा केला, आणि काच सरकवून बंद होते का तेही पाहिलं. "आता चहा चालेल मला. आणि खालचे दोन कप्पे राहिलेत. पुढच्या रविवारी येतो."

"या ना, या," चष्मेवाला म्हणाला. "त्यात बर्फातले आहेत."

"बर्फात गंज कसा धरता?"

"तेच दाखवतो."

मुलगा मधेच म्हणाला, "पप्पा, म्हणजे आमचं..."

"तुमचं काय? तुमचं ठरलंय ना? तारीख काढा की." आणि मुलीला म्हणाले, "साखर दोन चमचे."

तिनं साखर किती घातली कुणास ठाऊक, पण चहा सांडत आणला. तपासनिसांची बायको तिच्या आईच्या कानाशी लागली. "आमच्या लग्नातल्या फोटोलासुद्धा यांनी अजून राहू दे म्हटलेलं नाही," ती म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की शेवटी पाणी प्यावं लागलं.

निघताना दाराशी गर्दी झाली. मुलगा वाकून बुटाची नाडी बांधत होता. तपासनीस चष्मेवाल्याच्या अगदी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पोरीला एक सांगून ठेवा. आमच्या बाथरूममध्ये निळ्या नळाला गरम पाणी येतं. भाजेल उगाच."

त्यांनी वाकलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं.

"आठ-दहा वर्षं झाली. तसंच आहे."

नळ कुणी बसवले, हे चष्मेवाल्यानं विचारलं नाही. त्यानं फक्त व्याह्यांचा हात हातात घेतला आणि नको तितका वेळ हलवत राहिला.

"काय सांगत होते रे?" दार लागल्यावर मुलीनं विचारलं.

"काही नाही. त्यांच्याकडे आंघोळीला आधी लाल नळ सोडायचा."