मोबाइलमधले मौलवीसाहेब

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. बॅटरी दमलेली, एक कोपरा तडकलेला. दिवसभर खिशात डुलक्या काढतो आणि स्वप्नात नुसते चेहरे सरकत राहतात.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी मौलवीसाहेबांच्या घरी आलो. कुणी धर्माचा प्रश्न विचारला की ते आधी गप्प बसत. मग दोन्ही बाजूंची मतं सांगत आणि शेवटी, जुन्या विद्वानांच्या रिवाजाप्रमाणे, म्हणत, "बाकी खरं काय ते अल्लाहच जाणे." त्यांची लेक मला स्टँडवर बसवून हे सगळं टिपू नि इंटरनेटवर टाकू लागली. बघणारे मूठभर!

माझ्यापलीकडे कुठेतरी अल्गोरिदम नावाचे एक गृहस्थ राहतात. त्यांना ना नमाज ठाऊक, ना किताब. बोट कुठे थांबलं नि कुठे सरकलं, एवढंच कळतं. मौलवीसाहेब गप्प बसले की बोटं सरकत. शेवटच्या वाक्याला तर पळच काढत. मग लेकीने ती शांतता कापली, दुसरी बाजू कापली, शेवटचं वाक्यही कापलं. मौलवीसाहेब रातोरात गावोगावी पोचले. स्वतःला बघायची त्यांना सवय नव्हती. मान ताठ झाली ती माझी.

गल्लीतल्या शिलाईवाल्या खालांनी, म्हणजे साऱ्यांच्या मावशींनी, त्यातलाच एक तुकडा पाहिला: "गाण्याबजावण्याची कमाई हराम." त्यांचा मुलगा ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा. तो वेगळा राहायचा, पण आईला रोज डबा आणून द्यायचा. आता डबा उंबऱ्यावरच राहू लागला. दार काही उघडेना.

हे कानावर येताच मौलवीसाहेब तडक निघाले. वरच्या खिशातून मी डोकावत होतो.

"आपा, मी एवढंच नव्हतं म्हटलं. काही विद्वान हराम म्हणतात, काहींचं मत वेगळं आहे."

खालांनी त्यांना निरखून पाहिलं. "मोबाइलमधले मौलवीसाहेब असे चाचरत नाहीत," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन मशीन चालवू लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मौलवीसाहेब मात्र उंबऱ्यावर बसले, डबा उघडला आणि बिस्मिल्लाह म्हणून त्या मुलाच्या कमाईचा घास तोंडात घातला. शांतपणे चावत राहिले. आतलं मशीन थांबलं.

"गार झालं असेल हो," खाला दारात येऊन म्हणाल्या. "आत या, गरम करते. त्यालाही बोलावते."

मित्रांनो, तो घास कुणीच टिपला नाही. म्हणून सांगतो, माझ्यातला तुकडा पाहून आपल्या माणसाला दार लावू नका. आधी चार पावलं चालत जा, बोलणाऱ्यासमोर बसा, त्याला गप्पही बसू द्या. अख्खा माणूस माझ्यात मावत नाही.