चंदूच्या गाडीचा पिवळा दिवा

मेला तो दिवा! इवलासा, पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. पण नारळी पौर्णिमेचा सण आटोपल्यापासून चंदूच्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नव्हता. गाडी धावत होती, ब्रेक लागत होता, हॉर्न तर अख्खा वरळी कोळीवाडा उठवत होता. मग दुखतंय कुठं, हे सांगायला त्या दिव्याला तोंड का नव्हतं?

आणि आज चार वाजता परळला गाडी दाखवायची होती. तिथल्या हॉस्पिटलच्या नर्सना ने-आण करायचं वर्षभराचं काम. गाड्या तपासणाऱ्या साहेबानं फोनवर बजावलं होतं, "डॅशबोर्डवर एक जरी दिवा पेटलेला दिसला, तर गेटातून आत घेणार नाही." हे काम गेलं की गाडी विकावी लागणार. गाडीसाठी होडी आधीच विकलेली. म्हणजे मग बसा हात चोळत!

चंदूनं काय काय नाही केलं? कुणी सांगितलं म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट पिळलं. बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा विझला, आनंदानं सगळ्यांना चहा झाला, आणि दादर येईपर्यंत दिवा पुन्हा हजर! बायकोनं, गुणवंतीनं, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. शोरूमवाल्यानं खर्च सांगितला तेव्हा चंदू समोरचं पाणीही न पिता उठला. शेवटी दादरच्या जयवंत मेकॅनिकनं ओळखीखातर मशीन लावून बघितलं. "इंजिन ठणठणीत आहे रे," तो म्हणाला. "एका सेन्सरची वायर नीट बोलत नाही. नवीन वायरिंग तुला झेपणार नाही. आधी घरीच त्याचा प्लग उघड, जुन्या टूथब्रशनं साफ कर. बघ जमतंय का."

दुपारी चंदूनं गल्लीतच बोनेट उघडलं. प्लग निघता निघेना. निघाला तेव्हा आत हिरवट-पांढरी खपली धरलेली. चंदू कोळ्याचाच पोर. त्यानं खपलीला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं.

खारट. दर्याचं पाणी!

"गाडीत खारं पाणी आलं कुठून?" तो ओरडला. गुणवंती धावत बाहेर आली. दारात त्याचा म्हातारा बाप, हरेश्वर, जाळं विणत बसला होता. होडी गेली तरी त्याचे हात थांबत नव्हते. तो मान वर करीना.

"बाबा?"

"नारळी पौर्णिमेला," म्हातारा पुटपुटला. "तू झोपलेलास. दोन बादल्या आणल्या किनाऱ्यावरून. हिला न्हाऊ घातलं. पुढचं झाकण उघडून आतून पण."

"अरे, ही काय होडी आहे? वाट लावलीस तू! सगळ्यांची वाट लावलीस!" चंदू तोंडाला येईल ते बोलत सुटला. गुणवंतीनं दंड धरला तरी तो थांबेना.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "संपात माझी गिरणी गेली, घरात चूल पेटेना, तेव्हा होडीनंच पोसलं रे आपल्याला. तिला दर पौर्णिमेला न्हाऊ घालायचो. आता ही पोसणार. मग हिला कोरडी कशी ठेवू?"

चंदू परत बोनेटकडे वळला. त्यानं टूथब्रश घेतला, हलक्या हातानं प्लग घासला. आतली पिन कटकन तुटून तळहातावर आली, मिठानं पार खाल्लेली. त्यानं प्लग तसाच परत बसवून चावी फिरवली. गाडी घुरघुरली, परत घुरघुरली आणि गप्प झाली.

तो चाकापाशी मटकन बसला. "संपलं," म्हणाला.

हरेश्वर उठला. जाळं बाजूला ठेवून मागे गेला आणि डिकीला दोन्ही हात टेकले. "आत बस. सुकाणू धर."

"बाबा, ढकलून का परळ येणार आहे? आणि दिवा तसाच..."

"ठाऊक आहे मला. माझ्या हातानं बुडवली, मला बसवत नाही. तू बस."

चंदू बसला. चावी फिरवली तसा पिवळा दिवा पेटला. मागून म्हाताऱ्याची "हैश्शा!" आली, होडी पाण्यात लोटताना द्यायचा तीच. गाडी जेमतेम हलली. गल्लीतली माणसं धावली, "काका, सोडा, आम्ही ढकलतो." त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. आरशात त्याचं पांढरं डोकं खाली जाई, वर येई. चंदूला समोरचं धड दिसेना.

चार वाजले तसा साहेबाचा फोन वाजू लागला. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचली नव्हती, आणि बाप ढकलतच होता.