बंद करायचा प्रोग्रॅम

शलमोन गायकवाडांनी वायर जोडली आणि मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी दूध संघासाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम उघडला. काळी स्क्रीन, तिच्यावर पांढरी अक्षरं. बाकी काही नाही. खोलीत कुणीतरी हसलं.

हसणारा विक्रम होता, पुण्याच्या कंपनीचा टीम लीड. शिरूरच्या या दूध संघाला नवी सिस्टिम बसवून द्यायचं काम त्याच्या कंपनीकडे आलं होतं. त्याच्या शेजारी लॅपटॉप उघडून जस्मिन बसली होती. ती शलमोनांची मुलगी, आणि हे काम कंपनीनं तिच्यावरच सोपवलं होतं.

"काका, हा फॉक्सप्रोमध्ये लिहिलाय ना? त्या जुन्या भाषेबद्दल मी नुसतं ऐकून होतो," विक्रम म्हणाला. "आणि प्रत्येक कॅन मोजला की लगेच डिस्कवर सेव्ह? इतक्या वेळा कशाला?"

"तेव्हा लाईट कधीही जायची. राहू गावच्या संकलन केंद्रावर तर दूध मोजता मोजताच जायची. कुणाचं दूध नोंदीतून सुटू नये म्हणून."

"आता कोण असं लिहितं!"

त्याच्या हसण्यात कुजकेपणा नव्हता. जत्रेत एखादं जुनं यंत्र मांडलेलं बघून पोरं हसतात, तसा तो हसला. शलमोनांना तेच जास्त लागलं. त्यांनी जस्मिनकडे पाहिलं. तिची नजर कीबोर्डवर होती.

मग ती उभी राहिली. "जुन्या कोडमधलं काहीच वापरता येणार नाही," ती लॅपटॉपवर बघत एकसुरी आवाजात म्हणाली. "व्हेरिएबलच्या नावांवरून काही कळत नाही, रचना नाही, बदल करणं धोक्याचं आहे. सगळं नव्यानं करावं."

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या प्रोग्रॅमवर घालवली होती. शलमोनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

संघाचे अध्यक्ष हौसराव इतका वेळ ऐकत होते. ते खुर्चीत पुढे सरकले.

"मला ह्यातलं काय कळत न्हाई. पर ह्या जुन्याची कवा तक्रार आली न्हाई. शलमोन, तुम्ही सांगा. हेच चालू ठिवायचं का? तुम्ही व्हय म्हणला तर नवं थांबवू."

विक्रमचं हसू मावळलं. जस्मिनचे कान लाल झाले. तिच्या कंपनीत गेल्या महिन्यात माणसं कमी केल्याचं तिच्या आईनं, कृपाबाईंनी, शलमोनांना स्वयंपाक करता करता सांगितलं होतं. हे काम गेलं तर पुढचं नाव कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती.

शलमोनांनी हात पुढे करून वायर ओढून काढली. भिंत कोरी झाली.

"बंद करा आबा. आता ह्याचे दिवस सरले."

संध्याकाळी जस्मिनच्या स्कूटरवर मागे बसून ते घरी निघाले. घोड नदीच्या पुलापाशी तिनं गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढलं.

"पप्पा, तुम्ही भांडला का नाहीत?"

"तुझं काम होतं ते. तूच अभ्यास करून सांगितलंस, कोड टाकाऊ आहे."

"मी?" ती हसल्यासारखी झाली. "तुमचा कोड एआयला दिला. त्यानं जे सांगितलं ते मी वाचून दाखवलं. नवा कोडही तेच लिहिणार. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी उठून सांगाल, हे असं का लिहिलंय ते. कुणीतरी सांगेल." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही तर सरळ वायरच काढलीत."

शेजारून कंटेनर धडधडत गेला. पूल हादरला. तिची नोकरी वाचवली म्हणून दुपारपासून शलमोन मनाला समजावत होते. आता ते समजावणंही जमेना.

"मग तू दिवसभर करतेस काय?"

"ते लिहितं. मी बरोबर आहे म्हणते."

"आणि ते तुला समजतं?"

जस्मिननं हेल्मेट घातलं. ऊन केव्हाच उतरलं होतं, तरी काच खाली ओढली.

"बसा पप्पा," आतून आवाज आला. "आई वाट बघत असेल."

शलमोन मागे बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. गाडी सुरू झाली तरी हात कुठं ठेवावा, ते त्यांना सुचेना.