सवाष्णीच्या पानातली साखर

काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटावर सध्या सवाष्णींचा तुटवडा आहे. मुली लग्न होऊन जातात, सुना नवऱ्यामागे पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाल्यावर पुरणाचं जेवायला घालायला मराठी बाई हवी असेल, तर आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. उरलेल्या मोजक्या सवाष्णींत मी एक. आणि मला मधुमेह आहे.

तोही शाळेत असल्यापासूनचा, इन्सुलिनवाला. दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो आणि रक्तातली साखर किती, चढतेय की उतरतेय, ते फोनवर दिसतं. मला गोड खाता येत नाही हा लोकांचा लाडका गैरसमज. मला सगळं खाता येतं. फक्त पानात काय आहे ते ठाऊक असावं लागतं, म्हणजे तेवढं इन्सुलिन आधी टोचून घेता येतं. पुरणपोळी बघून डोस ठरवायला मी इतक्या वर्षांत एवढी सरावलेय की पोळी किती जाड लाटलीय ते लांबूनच कळतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगायचाही कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की माझा आवाज चढतो.

या वर्षी मात्र मी कधी नव्हे ती सांभाळून होते. मला आणि निमिषला मूल हवं होतं. लंका मोहल्ल्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "मालविका जी, बच्चा बाद में, पहले शुगर." बाळाचं हृदय घडत असतं तेव्हा आईला बहुतेक ठाऊकही नसतं, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर आधीच ताळ्यावर हवी. त्यांनी साडेसहाच्या खालचा आकडा मागितला होता. दोनदा तपासणी झाली, दोनदा थोडक्यात हुकली, दोन्ही वेळा "तीन महीने बाद आइए." मी पस्तिशी ओलांडलेली. आणखी तीन महिने म्हणजे काय, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिसरी तपासणी श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात होती.

शहराचा सावन अर्धा सरतो तेव्हा आम्हा मराठी मंडळींचा श्रावण लागतो. गंगा पायऱ्या गिळून वर आलेली, नावा बंद, गल्ल्यांत चिखल, आणि आमच्या घरात सासूबाईंच्या फोनवर आमंत्रणं, त्यात त्यांच्या मैत्रीण सुरुची काकूंचंही. माझ्या सासूबाईंचं नाव अन्नपूर्णा. या नावाच्या बाईच्या घरी मधुमेही सून यावी, ही काशीच्या देवांची थट्टाच म्हणायची. पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्या माझी एक गोष्ट शिकल्या: साखर उतरली की मी भांडते. विनाकारण, दात-ओठ खाऊन. त्यामुळे आमच्या घरी मी भांडायला लागले की आधी माझा फोन बघतात. कधी कधी माझं भांडण अगदी रास्त असतं आणि तरी समोर सरबताचा पेला येतो. त्याचा मला फार राग येतो.

"तू नाही म्हण की," निमिष म्हणाला. "या वर्षी तब्येतीचं कारण सांग."

"कुणाला सांगू? सुरुची काकूंना? त्यांना दुसरी कोण मिळणार आहे?"

ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. जिवती ही लेकराबाळांची देवी. तिच्या नावाचं जेवण मला हवं होतं. हे मी निमिषला सांगितलं नाही, कारण त्याच्यासमोर मी विज्ञानवादी आहे.

पहिले दोन शुक्रवार नीट गेले. तिसऱ्या शुक्रवारी सुरुची काकूंकडे पान होतं. भिंतीवर जिवतीचा छापील कागद, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, पुढे दूध-साखर आणि चणे-फुटाणे. काकूंची दोन्ही मुलं बाहेरगावी. मुलं जवळ नसली की आई त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते, तशा त्यांनी टाकल्या. मीही बसल्या जागी, दर वर्षीसारखी, निरांजनाकडे बघत राहिले. त्या वेळी माझ्या हातांना काही काम नसतं.

पान वाढलं. दोन पोळ्या, वर तूप. मी अंदाज केला, पोटात इन्सुलिन टोचलं आणि जेवायला बसले. पुरण जरा निराळं लागलं. म्हटलं, जायफळ जास्त पडलं असेल. काकूंनी खणा-नारळानं ओटी भरली, मी पाया पडले आणि सासूबाईंबरोबर घराकडे निघाले.

गल्लीत सासूबाई एका ओळखीच्या बाईशी बोलायला थांबल्या. एवढंच.

"आई, तुम्हाला दर दहा पावलांवर थांबायलाच हवं का? चिखलात उभं राहून काय गप्पा असतात? आणि ती छत्री माझ्या डोळ्यात घालू नका."

सासूबाईंनी बोलणं तोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मालविका, तू भांडते आहेस."

"मी भांडत नाहीये. माणसाला काही बोलायची सोय नाही या घरात."

"पाऊस थांबलाय. छत्री बंद आहे, बाळा."

फोन ओरडायला लागला. आकडा खाली आणि बाण सरळ जमिनीकडे. पाठीला घाम फुटला. पर्समध्ये ग्लुकोज असतं, पण पर्स काकूंकडेच राहिली होती. माझ्या हातात ओटीचा नारळ होता. सासूबाईंनी मला एका मिठाईच्या दुकानाच्या चबुतऱ्यावर बसवलं आणि आत बघून म्हणाल्या, "भैया, पानी में चीनी घोल के दीजिए, जल्दी. मिठाई नहीं, चीनी." एरवी शेजारच्या बाईला हाक मारतानाही त्यांचा आवाज एवढा मोठा नसतो. मी तो पेला दोन घोटांत संपवला. त्यांनी दुसराही मागून घेतला.

जरा वेळानं जग जागेवर आलं. आणि मग भीती वाटली. तपासणी तोंडावर आलेली आणि माझा अंदाज एवढा चुकावा? पानातली पोळी ओळखता येत नसेल तर मी बाळ काय सांभाळणार?

"मी चुकले, आई," मी म्हणाले. मला रडू आलं. "मलाच जमत नाहीये हे."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तू नाही चुकलीस," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझ्या पोळ्यांत साखर नव्हती."

"म्हणजे?"

"तुझ्यापुरतं पुरण निराळं केलं होतं. ती शुगर-फ्री पावडर येते ना, ती घालून. मीच सुरुचीला दिली नेऊन. म्हटलं, तुझा रिपोर्ट अच्छा येईल."

"मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? जिवतीची सवाष्ण तू. तुझ्या पानात कमी काही वाढायचं, आणि तुला सांगूनही टाकायचं की हे कमी आहे? तुला बुरं वाटलं असतं. सुरुची म्हणाली, चुपचाप करू." त्यांनी रिकामा पेला माझ्या हातातून काढून घेतला. "मला काय मालूम होतं, तू साखर धरून इंजेक्शन घेतेस. मला वाटलं, साखर काढली की झालं. तुला काही झालं असतं तर देवीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मी चिडले. या वेळी साखर जागेवर होती, तेव्हा राग माझा स्वतःचा होता. कितीदा सांगितलंय, पानात काय आहे ते मला कळायला हवं, मी काय बोलते ते कुणी ऐकतं का, वगैरे सगळं मी भर गल्लीत बोलले. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हळूच माझ्या फोनकडे नजर टाकली, आणि ती मला दिसली. मग मात्र मला हसू आवरेना. त्याही डोळे पुसत हसायला लागल्या.

"यापुढे साखर घाला," मी म्हणाले. "हवी तेवढी घाला. फक्त किती घातली ते मला सांगा."

"किती म्हणजे? हाताच्या अंदाजानं घालते मी. चाळीस वर्षं."

"मग हात मोजा."

निमिषनं स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणून ठेवला. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्यांना त्याचा नाद लागला. भात, कणीक, डाळ, सगळं काट्यावर चढायला लागलं. त्यांनी सुरुची काकूंनाही फोन करून खडसावलं, "सवाष्णीला जे वाढायचं ते सांगून वाढायचं." जणू हा नियम शास्त्रात होताच आणि काकूंनीच मोडला होता.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. सहा पूर्णांक चार. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "अब आप लोग कोशिश कीजिए," म्हणाल्या. निमिष गंभीरपणे "जी मॅडम" म्हणाला, त्यावर त्याच हसल्या. परतताना रिक्षात त्यानं माझा हात सोडला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून वादही घातला नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि डाळ भिजत घालायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जिवती. सवाष्ण घरचीच, मी. सासूबाईंनी देवीची पूजा केली, निमिषला पाटावर बसवून ओवाळलं, पुण्याला असलेल्या मुलीसाठी, माझ्या नणंदेसाठी, चारी दिशांना अक्षता टाकल्या. मी सवयीनं निरांजनाकडे बघत होते. तेवढ्यात त्यांनी माझा हात ओढला आणि मुठीत अक्षता दिल्या.

"टाक."

"कुणासाठी, आई? मला कुठे..."

"जवळ नसलेल्या मुलांसाठी टाकतात. तुझं जवळ नाही, एवढंच. टाक."

मी हातातल्या तांदळांकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुठल्या दिशेला टाकू?"

"कुठून येणार ते आपल्याला काय मालूम? सगळीकडे टाक."

मी टाकल्या. गंगेकडे टाकल्या, गल्लीकडे टाकल्या, स्वयंपाकघराकडे टाकल्या, आणि उरलेल्या पाटावर बसलेल्या निमिषच्या डोक्यावर पडल्या. त्यानं त्या झटकल्या नाहीत. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

सासूबाईंनी पान मांडलं, दोन पोळ्या वाढल्या आणि देवीसमोर उभं राहून, मंत्र म्हणावा तशा ठसक्यात, प्रत्येक पोळीत किती साखर आणि किती डाळ ते सांगितलं. मी डोस लावला, टोचून घेतला आणि जेवायला बसले.