पुस्तक कोंडवाड्यात

सकाळपासून बाबा एकेक फोल्डर उघडून बघत होते. झाडांवरच्या त्यांच्या पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवरून गायब झाली होती, आणि ती आजच प्रकाशकाला द्यायची होती. नाही दिली तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार.

शेवटी धीर करून त्यांनी सुनेला हाक मारली. ती इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळायची. आज सुट्टीवर होती. ओले हात पुसत आली आणि कॉम्प्युटरचा पडदा बघून तिने कपाळाला हात लावला.

“बाबा, दोन-दोन अँटिव्हायरस?”

“एकाच्या हातून सुटला तर दुसरा पकडेल, म्हणून...”

“अहो, ते दोघं एकमेकांवरच डोळे वटारून बसलेत! मशीन उगीच रडत नाही.”

आता बोलणी बसणार, असं बाबांना वाटलं. पण ती एकेक ठिकाण उघडत गेली आणि हसली.

“सापडलं. तुमचं पुस्तक कोंडवाड्यात आहे.”

जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात आणायला बाबांच्या मित्राने फाइलमध्येच एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी छोटी आज्ञावली, बसवून दिली होती. भराभर अक्षरं बदलणारं हे काय प्रकरण, म्हणून एका अँटिव्हायरसने अख्खं पुस्तकच संशयित फाइलींच्या कोंडवाड्यात टाकलं होतं.

“मग सोडव की!”

“आधी तपासते.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. फाइलवर नाही. तुमच्या मित्रावर तर मुळीच नाही.”

तिचं बोट मॅक्रोच्या ओळींखालून सावकाश सरकत राहिलं. बाबांनी आयुष्यभर छपाईआधीची मुद्रितं तपासली होती. पण घाईच्या वेळी त्यांचं बोट असं कधी स्थिर राहिलं नव्हतं. खात्री झाल्यावर तिने नुसता मजकूर नव्या फाइलमध्ये घेतला आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली.

“आता हे दोन्ही काढू? कॉम्प्युटरचा स्वतःचा पहारा असतो. अपडेट होऊ द्यायचे, अनोळखी काही उघडायचं नाही, प्रत वेगळी ठेवायची. घरच्या कामाला पुरतं.”

“आणि नाही पुरलं तर?”

“म्हणून तर प्रत. पक्की हमी मी इस्पितळातही देत नाही.”

पक्की हमी देणाऱ्या अँटिव्हायरसच्या जाहिरातींनीच आजवर बाबांना घाबरवलं होतं. ही देत नव्हती, आणि हिचंच बाबांना पटत होतं.

“काढ,” ते म्हणाले.

मग बाबांनी ईमेल लिहिला, फाइल जोडली, प्रकाशकाचा पत्ता दोनदा वाचला.

“थांबा, एकदा मी वाचते,” सून म्हणाली. तिने खरंच वाचला, आणि बाबांनी बटण दाबलं.