कातळ बोलतोय

मोबाइलवरच्या पोस्टरवर लिहिलं होतं, 'रॉक शो! साडेसहा कोटी वर्षांनी कातळ बोलतोय. शनिवारी सकाळी, रोहा.' निलेशने ते वाचलं आणि हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात हातातला ब्रश तसाच पाण्यात टाकला. बाप्पाचा एक डोळा आखून झाला होता, दुसरा राहिला. कारण 'कातळ' हा निलेशचा बँड. ऐन तारुण्यात रोह्यात तिघांनी काढलेला. गिटारवर निलेश, ड्रमवर आदर्श आणि गायला शिवा. आदर्शने ताल धरला की तो सुसाट सुटायचा, आणि शिवा गाणं थांबवून खेकसायचा, "आद्या, दमानं घे! गाडी नाय सुटत तुझी!"

शिवा गेला, त्यालाही आता काही वर्षं झाली. बँडची एकुलती एक कॅसेट, तिच्यावर कुणा भल्या माणसाने हळदीची गाणी भरली. राहिलं काय, तर त्यांचं स्वतःचं एक गाणं, आणि त्याची सुरुवातच निलेशला आठवेना. गिटार घेऊन बसायचा, बोटं घोटाळायची, जीव नुसता कासावीस व्हायचा. आदर्शला आठवत असेल, एवढी एकच आशा. पण त्याच्याशी बोलणं कधीच तुटलेलं. भांडण नाही बरं का, निव्वळ आळस. हे पोस्टर आदर्शनेच काढलं असणार, दुसरं कोण?

"साडेसहा कोटी? म्हणजे तुमच्याच वयाचे की सगळे," बायको नूतन म्हणाली. "आणि ते काळं जाकीट घालू नका, पोट बाहेर राहतंय."

त्याने घातलंच. रामवाडीहून एसटी धरली आणि गिटार मांडीवर घेऊन रोहा गाठलं.

हॉलमध्ये पुढे शाळेची पोरं, आणि टेबलावर नारळाएवढं एक गोल अंडं. गुजरातेत सापडलेल्या डायनासोरच्या अंड्याची ती नक्कल, असं टेबलामागे उभ्या असलेल्या कुणी मृणाली मॅडम पोरांना सांगत होत्या. मग आपल्याकडचा काळा दगड, तो लाव्ह्याचा, वगैरे. झाली का पंचाईत! निलेश हळूच मागे सरकला, तर शेवटच्या रांगेत आदर्श. डोक्यावर केस औषधालाही नाही, खिशातून ड्रमच्या काठ्या डोकावतायत.

"पोस्टर तूच काढलंस ना?" निलेश कुजबुजला.

"मी? मला वाटलं, तू."

दोघं तोंडावर हात दाबून हसले. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, डायनासोर ओरडायचे कसे?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "हाडाचा दगड होतो, अंड्याचा होतो, पावलाचा ठसासुद्धा राहतो. आवाजाचा दगड होत नाही."

निलेशचं हसू जिथल्या तिथे विरलं.

बाहेर पायरीवर बसल्यावर त्याने विचारलंच. "आपल्या गाण्याची सुरुवात आठवते तुला?"

"नाय रे. तेच तर तुला विचारायला आलतो."

संपलं म्हणायचं. तरी निलेशने गिटार काढली आणि आदर्शने काठ्या. एक तार, दुसरी तार, भलतंच काहीतरी. आदर्शने पायरीवर ताल धरला आणि सवयीने सुसाट सुटला. निलेशची नजर तारांवर होती. तो वर न बघताच खेकसला, "आद्या, दमानं घे! गाडी नाय सुटत तुझी!"

काठ्या थांबल्या. तो आवाज निलेशचा नव्हताच. शेवटी नाकात ओढलेला, चिडका, हुबेहूब शिवाचा.

आदर्शचे डोळे भरून आले. "परत बोल."

निलेश परत बोलला. या खेपेला नुसता निलेशच बोलला. हॉलमधून पोरांच्या टाळ्या ऐकू आल्या.

मग निलेशने मान खाली घातली, नजर तारांवर लावली आणि म्हणाला, "वाजव. आणि दमानं नको. घाईतच वाजव."