शेजारणीचं सांगा

रंगुबाईनं काठाला चेपलेल्या पितळी वाटीतली साखर चहात घातली, वर आणखी एक चिमूट सोडली आणि कपबशी विजयमालेपुढं सरकवली.

"पोरं दूध घेतात का, मावशी?"

"घ्येत्यात की! त्याबिगर घासच उतरत न्हाई त्यांच्या गळ्याखाली."

विजयमालेनं लिहून घेतलं. हळदीच्या वखारींतल्या मजुरांनी महागाई भत्ता मागितला होता, मालक नाही म्हणाले आणि वाद कोर्टात गेला. मजुरांच्या ताटात काय पडतं, त्याची सरासरी तिथं मांडायची म्हणून संघटनेनं कराडच्या या शिकलेल्या पोरीला सांगलीत धाडलं होतं. पण गल्लीत घरोघरी दुधातुपाचा पूर लोटलेला. असली सरासरी कोर्टात गेली, तर मालकांच्या वकिलाला तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

पुढचं घर बाळाबाईचं. मागच्या दारी कुजबुज झाली, बांगड्या किणकिणल्या. मग चहा आला, साखरेची वाटी आली. काठाला चेपलेली.

विजयमालेनं एक घोट घेतला आणि वाटीकडं बघत कप खाली ठेवला.

"ग्वाड कमी झाला व्हय?" बाळाबाईचा हात वाटीकडं गेला.

"नाही, मावशी. पुष्कळ गोड आहे."

तिनं लिहिलेला कागद उलटा ठेवला. "तुमचं राहू द्या. शेजारणीचं सांगा. रंगुबाईंचं कसं चाललंय?"

बाळाबाई जरा घुटमळली. मग पदर सावरून जवळ सरकली.

"आवं, कसलं चालतंय! नवरा पोत्याखाली घावला, तवापासनं खाटंवर हाय. पोरान्ला जोंधळ्याच्या कन्या शिजवून घालती. आन् सवता? कामाला येताना पदराला गाठ मारून येती, भाकरी बांधल्यागत. गाठीत कायबी नसतंय, बाई. आमी बगतो, बोलत न्हाई." तिनं डोळ्याला पदर लावला. "तिचं लिवा. आमचं काय, आमचं बरं हाय."

विजयमालेनं लिहिलं. मग वाटी उचलून ती म्हणाली, "ही मीच देते नेऊन."

रंगुबाई उंबऱ्यातच उभी होती. वाटी बघून तिची मान खाली गेली.

"मावशी," विजयमाला हळूच म्हणाली, "बाळाबाईंचं कसं चाललंय?"

रंगुबाईनं वाटी घेतली. तळाशी उरलेली साखर बोटानं एका कडेला केली.

"बसा," ती म्हणाली, आणि आधी दार लोटून घेतलं.